संसाराचा जमाखर्च : उन्हाचे भाडे

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की आपल्याकडे बांधकामाचा हंगाम सुरू होतो. पाऊस उघडलेला असतो, विहिरीला पाणी असते, शेतकऱ्याच्या घरात कापूस-मक्याचा पैसा येऊ लागलेला असतो आणि नोकरदाराच्या हातात बोनसची रक्कम खुळखुळत असते. चांगला दिवस पाहून कुदळ मारायची आणि अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचा, असा बेत घरोघर शिजत असतो. 'घर पाहावे बांधून' ही म्हण अशा वेळी प्रत्येकाच्या तोंडी असते. पण त्या म्हणीतला त्रास घर बांधून होईपर्यंतचा आहे. घर बांधून झाल्यावर ते जन्मभर आपल्याकडे जे मागत राहते, त्याबद्दल ही म्हण काही सांगत नाही. या दिवाळीला आपल्या जमाखर्चाच्या वहीत ते पान उघडून पाहू.

हल्ली शहरात घर बांधणाऱ्याच्या कानावर एक नवा शब्द येतो : इन्सुलेटेड काँक्रीट. म्हणजे उष्णता अडवणारे काँक्रीट. 'आज थोडे जास्त घाला, पुढे विजेचे बिल निम्मे करा,' असे विकणारे सांगतात. मध्यमवर्गीय माणूस या 'थोडे जास्त'पाशी थबकतो. कर्ज आधीच डोईजड झालेले असते. मग हा खर्च शहाणपणाचा की हौसेचा? याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. पण हिशेब मांडला तर ते पुष्कळसे स्वच्छ दिसते.

हिशेबासाठी एक गाव घेऊ. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात पिशोर नावाचे मोठे गाव आहे. आमच्या पुष्कळ वाचकांचे मूळ घर अशाच एखाद्या गावी असते. मुलगा पुण्याला किंवा संभाजीनगरला नोकरीत, आईवडील गावी, आणि जुने घर मोडकळीला आलेले. समजा, अशा एका कुटुंबाने पिशोरला ८०० चौरस फुटांचे, एकमजली, स्लॅबचे घर बांधायचे ठरवले आहे. मे महिन्यात या भागात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि त्या घरात भरदुपारी व रात्री राहणार आहेत ती साठी-सत्तरीची माणसे. हिशेब रुपयांत करायचा असला तरी त्याच्या तळाशी त्यांची झोप आणि प्रकृती आहे, हे विसरू नये.

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे माळवदाचे. जाड भिंती, लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्यांचा किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर हातभर माती. बाहेर ऊन मी म्हणत असताना आत काळोखी गारवा. मात्र हा गारवा फुकट मिळत नव्हता. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पसरून चोपावी लागे. जुनी माती न काढता नवी पडत गेली की थर वाढत जाई. एक घनफूट माती सुमारे ४५ किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट माती धरली तरी डोक्यावर साडेपाच टनांच्या आसपास ओझे होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे हे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो जीव गेले. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाची धास्ती बसली आणि सिमेंटच्या घराला जोर आला, यात नवल नाही.

स्लॅबने ती धास्ती घालवली, पण गारवाही घालवला. कारण साधे आहे. पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उन्हात तापतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याचा वरचा पृष्ठभाग पन्नास अंशांपलीकडे सहज जातो. काँक्रीट उष्णता फारशी अडवत नाही, ती पिऊन घेते. मग संध्याकाळी बाहेर झुळूक सुटते, तेव्हा स्लॅब दिवसभर प्यालेली उष्णता खोलीत ओकू लागतो. म्हणून पंखा लावला की वरून गरम वारा येतो. या उन्हाचे आपण दरमहा भाडे भरतो : कधी विजेच्या बिलात, कधी कूलरच्या पाण्यात, आणि बाकीचे अपुऱ्या झोपेत.

आता हे नवे काँक्रीट काय आहे ते पाहू. या नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या गोष्टी मिळतात, आणि त्यांची गल्लत केली की हिशेब चुकतो.

पहिली गोष्ट हलक्या ठोकळ्यांची. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा राख यांच्या मिश्रणात अॅल्युमिनियमची भुकटी घालून ते पावासारखे फुगवतात आणि वाफेच्या दाबाखाली शिजवतात. १९२०नंतरच्या काळात स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिक्सन या वास्तुशास्त्रज्ञाने ही रीत शोधली. आपल्याकडे बी. जी. शिर्के या मराठी उद्योजकाने १९७०नंतरच्या दशकात ती पुण्यात आणली. त्यांच्या 'सिपोरेक्स' या नावाचा असा पगडा बसला, की कोणत्याही कारखान्याचा ठोकळा असला तरी पुष्कळ गवंडी त्याला सिपोरेक्सच म्हणतात. हा ठोकळा विटेच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा असतो, आणि उष्णता अडवण्यात विटेच्या चौपट-पाचपट सरस.

दुसरी गोष्ट फोमच्या साच्यांची. थर्मोकोलच्या जातीच्या घट्ट फोमचे पोकळ साचे एकावर एक रचायचे, मध्ये सळया उभ्या करायच्या आणि काँक्रीट ओतायचे. साचा काढायचा नाही, तो भिंतीच्या दोन्ही अंगांना कायमचा राहतो. ही रीत कॅनडा-अमेरिकेत रुजली. तिच्या जवळचा एक प्रकार आपल्या शेजारी, मराठी माणसांच्या जुन्या वस्तीच्या इंदूरला पाहायला मिळतो. २०२१च्या जानेवारीत पायाभरणी झालेल्या सरकारी 'लाइट हाउस' योजनेत तिथे १,०२४ घरे हलक्या, थरांच्या पॅनेलची बांधायला घेतली गेली.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी. नेहमीचाच स्लॅब घालायचा, पण त्याच्यावर दोन इंचांचा घट्ट फोमचा बोर्ड अंथरायचा आणि वरून कोबा करायचा. बाजारात हा बोर्ड एक्सपीएस या नावाने मिळतो.

फोमची ताकद कशात आहे ते एका तुलनेने समजेल. उष्णता अडवण्यापुरते पाहिले तर एक इंच चांगला फोम सुमारे ४५ इंच काँक्रीटच्या तोडीचा आहे. माळवदाची फूटभर माती जेवढी उष्णता अडवते, तेवढी एक इंचाहून कमी फोम अडवतो, तोही नगण्य वजनात. उघड्या पाच इंची स्लॅबमधून जेवढी उष्णता आत येते, तिचा जेमतेम सातवा हिस्सा दोन इंच बोर्ड अंथरल्यावर येतो. केंद्र सरकारने २०१८ साली 'इको निवास संहिता' नावाची नियमावली काढली. तिच्यात छतातून किती उष्णता जावी याची मर्यादा घातली आहे. आपला नेहमीचा उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत सोडतो, आणि बोर्ड घातलेला स्लॅब तिच्या निम्म्याखाली राहतो.

उष्णता अडवण्यासाठी बांधकामात परके काही मिसळण्याची कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. कन्नडच्या शेजारच्याच खुलताबाद तालुक्यात वेरूळची लेणी आहेत. तिथल्या जुन्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. युरोपात आज त्याच झाडाच्या काडीचा भुगा चुन्यात कालवून उष्णतारोधक भिंती उभारतात. तेव्हा विलायती म्हणून हे नवे काँक्रीट नाकारण्याचे कारण नाही, आणि विलायती म्हणून डोळे मिटून घेण्याचेही नाही.

आता वही उघडू. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे भाव विचारून ते बदलावेत, रीत मात्र हीच ठेवावी.

समजा, पिशोरच्या घरात झोपायच्या दोन खोल्या आहेत, प्रत्येकी १५० चौरस फुटांची. दोन्ही खोल्यांत मुलाने आईवडिलांसाठी वातानुकूलन यंत्र बसवले. उन्हाळ्याचे १०० दिवस ते दुपारी थोडा वेळ आणि रात्री चालते. स्लॅबवर बोर्ड असल्यामुळे दर खोलीमागे दिवसाला अडीच युनिट वाचले असे धरू. दोन खोल्यांचे पाच, म्हणजे वर्षाला ५०० युनिट. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. महावितरणच्या घरगुती दरात जसजसे युनिट वाढतात तसतसा पुढच्या युनिटचा दर चढतो. आपण वाचवतो ते युनिट बिलाच्या शेवटच्या टोकाचे, म्हणजे सर्वांत महागडे असतात. युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाची बचत ६,००० रुपये.

खर्च किती? बोर्ड, मजुरी आणि वरचा कोबा मिळून चौरस फुटाला १२० रुपये धरू. सबंध ८०० फुटांच्या स्लॅबचे ९६,००० रुपये होतात. गृहकर्जाचे व्याज नऊ टक्के धरले तर त्या रकमेचे पहिल्या वर्षाचे व्याजच ८,६४० रुपये, आणि बचत ६,०००. हा सौदा तोट्याचा! पुष्कळ मंडळी इथेच वही मिटतात आणि 'हे श्रीमंतांचे चोचले' म्हणून मोकळी होतात.

पण वही मिटू नये. विजेची ही बचत सबंध स्लॅबमुळे होत नाही, दोन झोपायच्या खोल्यांवरच्या ३०० फुटांमुळे होते. तेवढ्याच भागावर बोर्ड घातला तर खर्च ३६,००० रुपये. त्याचे व्याज ३,२४०, बचत ६,०००. सहा वर्षांत मुद्दल सुटते, व्याज धरले तरी आठ-नऊ वर्षांत फिटते. पुढे जी वीस-पंचवीस वर्षे घर नांदेल, त्यांची बचत आपली. विजेचा दर वाढत गेला तर ही मुदत आणखी आखडते. उरलेल्या ५०० फुटांवर, स्वयंपाकघर, ओसरी, न्हाणीघर यांच्यावर, फुटक्या पांढऱ्या फरशीचा कोबा करावा किंवा दर वर्षी होळीनंतर चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरा रंग ऊन परतवतो. चुन्याला खर्च क्षुल्लक आणि गुण मोठा.

आता फोमच्या साच्यांच्या संपूर्ण घराचा हिशेब करा. समजा, चौरस फुटाला २५० रुपये जास्त पडले, म्हणजे दोन लाख रुपये. व्याजच वर्षाला १८,०००. शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात, दोनच खोल्या थंड करताना, भिंतींमधून आणखी ६,००० रुपये वाचले असे उदारपणे धरले, तरी हा खर्च जन्मात फिटत नाही. मग कॅनडात तो कसा फिटतो? तिथल्या मराठी कुटुंबांना विचारा. सहा-सहा महिने सबंध घर रात्रंदिवस ऊबदार ठेवावे लागते, बाहेर शून्याखाली पारा असतो. जिथे यंत्र अष्टौप्रहर चालते तिथे भिंत पैसे मिळवून देते. आपल्याकडे इस्पितळ, शीतगृह, औषधांचे कोठार यांना तो न्याय लागू पडेल. पिशोरच्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला नाही.

भिंतींचा प्रश्न तरीही उरतो, पण तोही एका बाजूपुरता. सकाळी पूर्वेचे ऊन लागते तेव्हा हवा थंड असते. दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन मात्र तापलेल्या हवेत तिरपे, थेट भिंतीवर येते. म्हणून पश्चिमेची भिंत आठ इंची हलक्या ठोकळ्यांची करावी. नऊ इंची विटेच्या भिंतीतून येते त्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णता तिच्यातून येते. या ठोकळ्यांचा भाव वाहतूक धरून विचारावा. कारखाना जवळ असेल तर विटेच्या भिंतीत आणि या भिंतीत फारसा फरक पडत नाही. तेही जमत नसेल तर पश्चिमेला जिना, न्हाणीघर किंवा कोठीची खोली काढावी, मोठा छज्जा घ्यावा, एखादा निंब लावावा. नकाशावर रेघ हलवायला पैसा पडत नाही.

ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र नाही, कूलरच आहे, त्यांनी हा हिशेब आपल्याला लागू नाही असे समजू नये. मोठा कूलर तासाला चार-पाच लिटर पाणी पितो. दहा तासांचे ५० लिटर, दोन कूलरांचे १००, आणि शंभर दिवसांचे १०,००० लिटर. म्हणजे एक मोठा टँकर! मराठवाड्यात मे महिन्यात पाण्याचा टँकर ही काय चीज आहे, ते ज्या गृहिणीने हंडे भरले आहेत तिला सांगायला नको. वर स्लॅब तापू द्यायचा आणि खाली पाणी जाळून खोली निववायची, याला आपल्याकडे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' म्हणतात.

बोर्डाचा आणखी एक लाभ बिलात दिसत नाही. उघडा स्लॅब दिवसा फुगतो, रात्री आकसतो. वर्षानुवर्षे हे चालले की बारीक चिरा पडतात, पाणी झिरपते, आतल्या सळया गंजतात आणि छताचे पोपडे पडू लागतात. बोर्ड स्लॅबच्या वर असला तर स्लॅब सावलीत राहतो आणि त्याचे आयुष्य वाढते. म्हणून बोर्ड वरच घालावा, आतून छताला चिकटवू नये. वर घातल्याने दुसराही फायदा असा, की स्लॅबचे जड काँक्रीट खोलीच्या बाजूला राहते आणि रात्रीचा गारवा दुसऱ्या दिवशी काही काळ धरून ठेवते. माळवदाचा गुण असा थोडासा परत मिळतो, त्याचे ओझे न घेता.

आता चार सावधगिरीच्या गोष्टी.

स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे आणि गळती नाही याची खात्री पटल्यावरच बोर्ड अंथरावा. आधी उतार आणि गळतीबंदीचा थर, मग बोर्ड, मग कोबा, हा क्रम मोडू नये. बोर्डाखाली पाणी शिरले तर ते शोधणे कठीण जाते.

सजावटीच्या दुकानातला मऊ थर्मोकोल स्वस्त मिळतो म्हणून तो घालू नये. तो दबतो आणि ओल धरतो. बोर्डाची जाडी आणि घनता पावतीवर लिहून घ्यावी.

फोम जळणारा पदार्थ आहे. तो सिमेंटच्या आवरणाखालीच असावा. घरात, विशेषतः स्वयंपाकघरात, तो उघडा ठेवू नये.

हलक्या ठोकळ्याची भिंत वजन पेलण्यासाठी नसून आडोशासाठी आहे असे धरून चालावे. खांब आणि तुळया काँक्रीटच्याच, अभियंत्याने काढून दिल्याप्रमाणे असाव्यात. किल्लारीचा धडा ठोकळा हलका आहे म्हणून रद्द होत नाही. अशा भिंतीला गिलावाही जाणत्या गवंड्याकडूनच करून घ्यावा, नाहीतर तडे जातात, आणि जड फळ्या टांगायच्या असतील तर त्यांची जागा आधीच ठरवून ठेवावी.

तेव्हा, ज्या घरी यंदा कुदळ पडणार आहे त्या मंडळींनी पैसा असा क्रमाने लावावा : पहिल्यांदा नकाशा, दुसऱ्यांदा झोपायच्या खोल्यांवरचा स्लॅब, तिसऱ्यांदा पश्चिमेची भिंत. एवढे करून हातात काही उरले तर बाकीचा स्लॅब. यापलीकडचा खर्च विकणाऱ्याने कितीही गोड शब्दांत सांगितला तरी आधी आपल्या वहीत मांडून पाहावा. आणि उलट, ठेकेदार म्हणाला की 'साहेब, गावाकडे कशाला हे लाड,' तर त्याचेही ऐकू नये. त्याचे काम गृहप्रवेशाला संपते. त्या छताखाली पंचवीस उन्हाळे काढायचे आहेत ते आपल्या आईवडिलांना, आणि पुढे कदाचित आपल्यालाच.

फरशीचा रंग आणि दिवाणखान्यातले झुंबर यांवर घरात चार-चार दिवस चर्चा होते. स्लॅबवर काय घालायचे याची चर्चा बहुधा होतच नाही, कारण ते पाहुण्याला दिसत नाही. यंदा दिवाळीत भाऊबीजेला सगळी भावंडे एकत्र बसतील तेव्हा नकाशा समोर ठेवून हा विषय जरूर काढावा. कर्ज मिळून फेडायचे असेल तर हिशेबही मिळूनच झालेला बरा.